भास होणाऱ्या बाईचा सिनेमा

महामायाला अमरावतीच्या कॉलेजात दहा मिनिटांचा सिनेमा करून द्यायचा होता. तो भीतीचा असेल पण त्यात भूत नसेल, एवढं तिचं पक्कं होतं. त्यासाठी ती डोणगावला मोठ्या आईकडे आली. मोठी आई म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, कलाबाई. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांसोबत गाणी म्हणत नाचलेली बाई, म्हणून हिरोईन तीच. सिनेमातल्या नवऱ्याचं काम खऱ्या नवऱ्याकडे, भाऊरावांकडे आलं. एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दुपारी मोकळ्याच होत्या.

भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या बांधून महामायानं घरात रात्र केली आणि मोबाइल स्टँडवर लावला.

"भूतच नाही, तं मंग भ्याचं कोनाले?" कलाबाईनं विचारलं.

"सोताले," महामाया म्हणाली. "बाईले भिंतीतून आवाज आयकू येते. घरात कोनी तिचं खरं मानत नाही. मंग तिलेच वाटाले लागते, आपलं डोकं तं फिरलं नाही? आवाज खरा का भास, थे पाहणाऱ्यालेही शेवटपर्यंत कळू द्याचं नाही. अशा शिनेमाची रीतच हाये तशी."

पहिला शॉट आरशाचा होता. कलाबाईनं कपाटाचं दार लावून त्यावरच्या आरशात बघायचं आणि स्वतःलाच घाबरायचं. तिनं बघितलं, कानामागे केस सारले, आरशावर डाग दिसला तो पदरानं पुसला आणि विचारलं, "झालं?"

दुसऱ्या शॉटमध्ये स्वयंपाकघरातून खडखड ऐकून अंधारात हळूहळू जायचं होतं. कलाबाई तरातरा गेली आणि तिनं बटन दाबून उजेड केला.

"मोठी आई, लाइट नाही लावाची!"

"काऊन? बिल भरलं ना आपन. घरात लाइट असून अंधारात धडपडाले थे बाई का येडी हाये?"

भाऊराव खुर्चीत हसून हसून लाल झाले. महामायानं कपाळाला हात लावला, पण हसू तिलाही आवरलं नाही.

मग नवरा-बायकोचा प्रसंग आला. बायको म्हणते, भिंतीतून आवाज येतो. नवरा म्हणतो, तुला भास होतो. ती म्हणते, मी खोटं नाही सांगत. एवढंच. पहिल्या दोन वेळा भाऊराव मध्येच हसले. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी पेपरमधून डोकंही वर न काढता, अगदी सहज म्हटलं, "कायचा आवाज? तुले भास होते."

कलाबाई आपलं वाक्य बोललीच नाही.

"वरीस झालं, सांगून राह्यली मी," ती म्हणाली. "डाव्या कानात शिट्टी वाजते. कुकर दूर कुठं लावला असन, तशी. झोपतानी लय वाजते. तुमी म्हनता, वय झालं. तुमी म्हनता, ध्यान नोको देऊ. आता मी सांगतच नाही."

हे कागदावर नव्हतं. महामायाला वाटलं, मोठी आई काय सुंदर बोलून गेली! मग तिनं भाऊरावांचा चेहरा बघितला आणि हे सिनेमातलं नाही, हे तिला कळलं. मोबाइल चालूच होता.

भाऊरावांनी पेपर खाली ठेवला.

"आता वाजून राह्यली का?"

"हाव."

ते उठले, तिच्याजवळ गेले, वाकले आणि आपला कान त्यांनी तिच्या डाव्या कानाला लावला. श्वास रोखून ते तसेच उभे राहिले, खरंच काही ऐकू येतं का ते बघत.

"मले येत नाही आयकू," शेवटी ते हळूच म्हणाले. "पन तुले येते. उद्या मेहकरले जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं मेहकरच्या कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं मळाचा मोठा खडा काढला, कान तपासला आणि सांगितलं की डाव्या कानाचं ऐकू येणं जरा कमी झालंय, शिट्टी त्यामुळेच वाजते. कमी होईल, पण पुरती जाणार नाही.

"म्हंजे भास नाही ना? हिले सांगा तसं," भाऊराव म्हणाले.

"मले माहीत हाये," कलाबाई म्हणाली. "डॉक्टरसायेब, याइलेच सांगा."

डॉक्टरनं भाऊरावांकडे वळून पुन्हा सगळं सांगितलं. शाळेतल्या पोरासारखी मान हलवत त्यांनी ते ऐकून घेतलं.

महामायानं कानाला कान लावण्याचा तो शॉट सिनेमात तसाच ठेवला. कॉलेजातले सर म्हणाले, "नवऱ्यानं विश्वास ठेवला, तिथंच भीती संपली. रीत मोडली तू." त्यांनी मार्कही बेताचेच दिले.

सुट्टीत तिनं तो सिनेमा डोणगावच्या बुद्धविहारात भिंतीवर दाखवला. कलाबाई आरसा पुसते तिथं बाया खो-खो हसल्या. भाऊराव वाकून कान लावतात तिथं मागचे लोक नीट बघायला उभे राहिले. भिंतीवर एवढे मोठे दिसल्यावर भाऊराव लाजले आणि चहा झाला का बघतो म्हणून उठायला लागले. कलाबाईनं त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा ना," ती म्हणाली. "लय चांगलं काम केलं तुमी."