चूक काढायचा तास

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. पोलिसांना माहितीपट दाखवून मानवी हक्क शिकवा, असा हुकूम वरून सुटला तो त्याच साली. प्रशिक्षण केंद्राच्या लांबट वर्गात काळे पडदे लागले, मागे प्रोजेक्टरची खोली झाली, आणि फिल्म कापायला-जोडायला एक बाई आली. सगळे तिला कात्रीताई म्हणत.

तिचा धाकटा भाऊ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तीन वर्षांपूर्वी संपाचं पत्रक छापलं म्हणून त्याला ठाण्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा देहच घरी आला. चौकशीत ठरलं, जिन्यावरून पडला. ठाण्याच्या साहेबांनी शपथेवर सांगितलं, "मी रजेवर होतो. त्या मुलाला मी पाहिलेलंसुद्धा नाही." साहेब तिथे होते, एवढंच कात्रीताईला सिद्ध करायचं होतं. तिचं रडून झालं होतं. आता तिला त्यांना धुळीला मिळालेलं बघायचं होतं.

वर्ग घेणारे मास्तर मोठे वस्ताद. "उपदेश सुरू केला की ही मंडळी घोरतात, ताई. पण चूक काढा म्हटलं की डोळ्यांत तेल घालून बघतात." म्हणून फिल्म संपून दिवे लागले की प्रत्येकाने तिच्यातली एक चूक सांगायची, असा त्यांचा शिरस्ता. अहवालासाठी सगळं बोलणं टेपवर घेतलं जाई.

ठाण्याचे ते साहेबही याच वर्गाला येत, पहिल्या रांगेत बसत. चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "अशी बेडी घालतात होय? नवरीला बांगड्या भरताय का?" वर्ग खदखदा हसे. मागच्या खोलीत कात्रीताईच्या अंगाची लाही लाही होई.

महिनाभर तिने हे ऐकून घेतलं. मग मास्तरांनी कोठडीतल्या माणसाच्या हक्कांवर फिल्म करायला सांगितली, तेव्हा जबाब द्यायला गेली त्या दिवशी डोळ्यांत साठवलेली ठाण्यातली ती खोली तिने उभी केली. अर्धी हिरवी भिंत, तीन पायांचं स्टूल, त्यावर एक पोरगा, दाराशी बादली. फक्त एक गोष्ट तिने मुद्दाम चुकवली.

दिवे लागले. साहेब मिशीवरून हात फिरवत उठले.

"खोली झकास जमलीय. पण पोराच्या दोन्ही पायांत चपला कशा? एकच होती."

मास्तर गोंधळले. "एकच?"

प्रोजेक्टरच्या झरोक्यातून आवाज आला, "कोणत्या पायात, साहेब?"

"डाव्या. दुसरी ओढताना निघा..."

साहेब थांबले. कोणी हसलं नाही. टेप फिरत होती.

देह घरी आला तेव्हा डाव्या पायात चप्पल होती, उजवा अनवाणी. एकाही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. आईने ती चप्पल साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती.

कात्रीताई बाहेर आली. साहेबांच्या समोर उभी राहिली. "ओळखलंत का? बहीण मी त्याची."

टेप कोर्टात वाजली. साहेबांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. पुढे तुरुंगातही माहितीपट दाखवायची पद्धत पडली, तेव्हा कात्रीताई दरवर्षी भाऊ गेला त्या तारखेला तीच फिल्म तिथे धाडत राहिली. साहेबांना पहिल्या रांगेत बसवतात, असं तिला कळलं होतं. सुटून आल्यावर ते मुलाकडे राहिले, तिथेच कोणाशी न बोलता वारले.

मास्तरांनी खरी साक्ष दिली, पण कात्रीताईला म्हणाले, "माझ्या वर्गाचा तू सापळा केलास. आता इथे कोण तोंड उघडणार?" तसंच झालं. पुढच्या वर्गांत कोणी चूक काढेना. वर्षभरात पडदे उतरले. मास्तर पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत.

चप्पल पुरावा म्हणून कोर्टात गेली ती परत आलीच नाही. आई शेवटपर्यंत तिची चौकशी करत राहिली.

कात्रीताई अजून आहे. मास्तरांचं तिला वाईट वाटतं. साहेबांचं कधीच वाटलं नाही. फिल्मचं ते रीळ तिच्या उशाशी आहे, आणि दाखवायला कोणी मागितलं, तर ती स्वतः घेऊन जाते.