चौथ्याचं नाव

चर्चच्या ऑफिसातल्या कारकुनाला आता थोरलीची पावलं ओळखू यायला लागली होती. ती दारात दिसली की तो जुन्या नोंदींच्या कपाटाची किल्ली मुकाट्यानं टेबलावर ठेवायचा आणि पंखा बंद करायचा, कारण ती पानं वाऱ्यानंसुद्धा तुटायची. माणूस वाईट नव्हता बिचारा. नियम मी केलेला नाही, एवढंच तो सारखं सांगायचा.

नियम कमिटीचा होता. जुन्या दफनभूमीत जागा संपत आलेली. यापुढे ज्यांच्या घराण्याचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला असेल, त्यांनाच तिथं पुरायचं. थोरलीचे आजोबा तिथंच भिंतीकडेच्या झाडाखाली होते. ते गेले तेव्हा जागेला तोटा नव्हता आणि कागद कुणी मागितला नव्हता. आता तिच्या वडिलांना त्यांच्या शेजारी जायचं होतं. वडिलांचा स्वतःचा बाप्तिस्मा आजोबांच्या बदलीच्या गावी झालेला, म्हणून सगळी भिस्त आजोबांच्या नोंदीवर. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. त्या माणसानं जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे.

थोरली चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. दुकानातलं भिंग पर्समध्ये टाकून ती दुपारच्या सुट्टीत यायची. आजोबांच्या आईची, म्हणजे तिच्या पणजीची, मुलं तिला वहीत सापडली. तिघं, एकामागून एक बाप्तिस्मा झालेली. मृतांच्या यादीतही तीच तिघं, वर्षाचं एकही न झालेलं. चौथे म्हणजे आजोबा, आणि त्यांचा पत्ताच नाही. नगरपालिकेत गेली, तर तिथले लोक त्या काळी जन्म चर्चच्या वहीवरूनच उतरवून घ्यायचे. म्हणजे इथं नाही तर तिथंही नाही. शेजारच्या चर्चमध्येही जाऊन ती नुसती धूळ खाऊन आली.

घरी पाऊल टाकलं की अंथरुणातून ठरलेला प्रश्न यायचा. "सापडलं का गं?"

"सापडेल बाबा. वह्या ढीगभर आहेत."

शेवटी ती आत्याकडे गेली. वडिलांची ही मोठी बहीण कानानं कमी आणि तोंडानं जास्त. आधी विचारलं होतं तेव्हा "बाप्तिस्मा झालाय म्हणजे झालाय!" असं ठणकावून तिनं फोन आपटला होता. या वेळी थोरली तिच्यासमोर ठाण मांडूनच बसली.

"आत्या, झाला तर लिहिला का नाही?"

आत्या मटार सोलत होती. तिचे हात थांबले. "लिहायचा नव्हता म्हणून."

"म्हणजे?"

"माझ्या आजीची तीन पोरं लिहिली आणि तिन्ही गेली. चौथं काळंनिळं जन्मलं. फादर येईपर्यंत टिकत नाही म्हणून सुईणीनंच डोक्यावर पाणी घातलं. चालतं तसं. पण पोर जगलं तर चर्चमध्ये नेऊन नोंद करायची असते. आजीनं नेलंच नाही. म्हणायची, त्या वहीत नाव गेलं की मरणाला पत्ता लागतो. फादर दारात आले की पोराला काखेत मारून मागच्या दारानं पसार!"

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"मग काय सांगू? लोक म्हणाले असते, बाप्तिस्माच नाही झाला. माझ्या बापाला असं कुणी बोललेलं मला खपायचं नाही."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं की कशानं, तिचं तिलाच कळेना. इतके दिवस ती जे नाव शोधत होती, ते कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आत्यालाच ऑफिसात नेलं. कारकुनानं सगळं ऐकून घेतलं. सुईणीनं दिलेला बाप्तिस्मा मान्य होतो, म्हणाला, पण तो डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार पाहिजे.

"मी पाहिलाय!" आत्या म्हणाली.

"अगं, तो तुझा बाप होता! तू कुठून पाहणार?"

कारकुनाला हसू आवरेना. आत्याही हसली, आणि हसता हसता तिथंच खुर्चीत बसून रडायला लागली. कारकुनानं तिला पाणी दिलं. दुसरं काही द्यायला त्याच्याकडे नव्हतं.

वडिलांना थोरलीनं खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे आजीनं माझ्या बापाला वाचवलं," ते म्हणाले. "चांगलं केलं. मला ठेवा कुठंही." मग त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं, आणि त्यानंतर सापडलं का म्हणून पुन्हा कधी विचारलं नाही. तो महिना काही त्यांनी पुरा केला नाही.

नवीन दफनभूमी गावाबाहेर, वखारींच्या मागे. झाड नावाला नाही. तिथल्या ऑफिसच्या खिडकीतल्या मुलीनं वही पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं.

"मृताचं नाव?"

थोरलीनं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. ते एकदा तिथं लिहिलं की बाबा गेले. पणजीला पळायला मागचं दार तरी होतं.

"ताई, नाव सांगा ना. मागे लोक थांबलेत."

मागे आत्या उभी होती. तिला ऐकू आलं नसावं, पण कळलं होतं. तिनं पुढे होऊन थोरलीचा दंड घट्ट धरला, आणि थोरलीनं नाव सांगितलं.