डाव्या दारावरचं नाव

मी लावलेलं दार कुणी ओळखून दाखवावं, अशी मी पैज लावायचो. नाहूरला माझं गॅरेज आहे, पत्र्याचं काम आणि रंगकाम. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला जोड सापडला नाही, ह्याची मला घमेंड होती. आता कुणी माझ्या हाताचं कौतुक केलं की च्यायला, हात तोडून टाकावासा वाटतो.

जानेवारीत नंदकिशोर रेगे त्याच्या वडिलांची फियाट माझ्याकडे घेऊन आला. रेगेसाहेबांनी ब्याऐंशी साली ही गाडी रॅलीत पळवली होती, चार दिवस घाटाघाटांनी गोव्यापर्यंत आणि परत. साहेब गेले, गाडी पडून राहिली. आता मार्चमध्ये वांद्र्याला बीकेसीत जुन्या रॅलीगाड्यांचा मेळावा होता आणि नंदूशेठला गाडी हवी होती तेव्हा होती तश्शी. तश्शी म्हणजे किती, तर स्क्रूसुद्धा एका खाचेचा पाहिजे, चौफुलीचा नको. पांढरी बॉडी, बॉनेटवर चमक न मारणारा काळा रंग, पुढे पिवळ्या काचेचे दिवे. त्याच्याकडे जुन्या फोटोंची फाईल होती. फोटोत दिसलं तर लावायचं, नाही दिसलं तर नाही.

"अहो शेठ, स्क्रूची खाच बघायला खाली कोण वाकणार आहे?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"परीक्षक वाकतात, काका. पुरावा लागतो."

पुरावा ह्याच शब्दापाशी माझा मोठा भाऊ अंबादास इतकी वर्षं अडकून पडला होता.

दादा रेगेसाहेबांचा मेकॅनिक. रॅलीत तो मागच्या जीपमध्ये होता, सामान घेऊन. साहेबांच्या शेजारी नकाशा धरून बसायला त्यांचा मित्र होता, दलाल. पहिल्याच दिवशी घाटात दलालला उलट्या सुरू झाल्या आणि महाबळेश्वरला तो उतरला तो उतरलाच. साहेब म्हणाले, अंबादास, बस शेजारी. आठवी शिकलेल्या माझ्या भावाने तीन दिवस नकाशा, घड्याळ आणि वळणं सांभाळली. गाडी तिसरी आली. महाबळेश्वरहून निघायच्या आधी साहेबांनी स्वतःच्या हाताने डाव्या दारावर काळ्या रंगात नाव लिहिलं, ए. खरात. साहेबाच्या गाडीवर खरात! आमच्या घरात तेव्हा कुणाचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं नव्हतं.

पण निकालाच्या कागदावर दलालच राहिला, कारण अर्ज त्याच्या नावाने भरलेला. फोटो एकच, सुटायच्या वेळचा, उजव्या बाजूने काढलेला. पुढे साहेबांनी गाडीला पोपटी रंग दिला, नंतर मरून, आणि नाव खाली गेलं. दादा हे चाळीस वर्षं सांगत आला. आमच्या वस्तीत कुणी मानलं नाही. नातवंडंसुद्धा म्हणायची, आली आजोबांची रॅली आली. आता दादाची फुप्फुसं गेलीत. कांजूरमार्गच्या बिल्डिंगीत अकराव्या मजल्यावर ऑक्सिजनच्या मशीनला नळी लावून तो बसून असतो. डॉक्टरने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलंय, उन्हाळा निघेल असं धरू नका.

मी नंदूशेठला हात जोडले. सगळी गाडी केमिकलने खरवडतो, पण डावं दार राहू द्या. मी हाताने घासतो, थराथराने. मरून, मग पोपटी, मग पांढरा, आणि पांढऱ्यावर नाव.

माणूस वाईट नाही तो. म्हणाला, "काका, नाव सापडलं तर मी ते पुन्हा लिहून घेईन. अंबादासकाकांना बीकेसीत डाव्या सीटवर बसवून नेईन. परीक्षकांना मी स्वतः सांगेन. पण सापडलं पाहिजे."

दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने नळी बाजूला केली आणि म्हणाला, "आहे रे ते. हँडलच्या खाली वीतभर. कुठे जातंय?"

बाकी गाडी रंगवून झाली होती. रविवारी मेळावा, त्याआधीच्या गुरुवारी मी दाराला बसलो. पाणी मारायचं, पॉलिशपेपर फिरवायचा, पुसायचं, बघायचं. घाई केली तर नाव पेपरावर निघून येईल, म्हणून जीव मुठीत धरून घासत होतो. मरून गेला. पोपटी दिसला. हँडलच्या खाली वीतभर, बोटाएवढ्या जागेत पोपटी पातळ झाला आणि खालून काळं दिसलं.

मी ओरडलोच. हात पुसायचं भान नाही, तशा ओल्या हाताने दादाला फोन लावला.

"दादा, काळं दिसलं! अक्षर लागलं रे!"

पलीकडे मशीनचा आवाज आणि दादाचा श्वास. मग तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगतो." आणि फोन ठेवला. रडत होता बहुतेक.

मी पुढे घासायला लागलो. अक्षराला कड असते ना. काळं संपून पांढरं लागलं पाहिजे. ते लागेना. वर घासलं, काळं. डावीकडे वीतभर गेलो, काळं. म्हटलं रंग ओघळला असेल, साहेब काय पेंटर होते थोडेच! दाराच्या खालच्या कोपऱ्यात घासलं, तिथेही काळं. शेजारच्या मडगार्डवर केमिकल मारलं तेव्हा पोपटीखाली स्वच्छ पांढरं निघालं होतं. दारावर पांढरा कुठेच नाही. वरपासून खालपर्यंत काळं.

टॅक्सी. ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं दार होतं.

मग आठवलं. शहाण्णव साली आमची आई आजारी होती आणि दादा महिनाभर गावी होता. ही गाडी माझ्याकडे आली, डावं दार खालून सडलेलं. मी नवा नवा स्वतःचा धंदा टाकलेला. दादाला दाखवायचं होतं की धाकट्याचा हात बघ. सडकं दार ठोकत कोण बसतो? मोडीत निघालेल्या टॅक्सीचं चांगलं दार कुर्ल्याला मिळत होतं. आणलं, बसवलं, पोपटी मारला. जुनं दार भंगारवाल्याच्या हातगाडीवर मीच चढवलं. पोपटीखाली नाव आहे, हे डोक्यात आलंच नाही. त्यानंतर हजार दारं बदलली असतील मी, हे एक विसरून गेलो. दादा परत आला तेव्हा त्याला काही सांगितलं नाही. त्याने स्वतःहून ओळखावं म्हणून वाट बघत होतो. त्याने ओळखलं नाही आणि मी खूश झालो, असा गाढव मी.

दुपारी नंदूशेठ आला. मी सगळं सांगितलं. त्याने दार उघडलं, बिजागऱ्या बघितल्या, आतल्या पत्र्यावरचा ठसा बॅटरीने वाचला आणि फाईल चाळली.

"दार चालेल, काका," तो म्हणाला. "टॅक्सीचं असलं तरी त्याच सालचं आहे. काही अडचण नाही."

"आणि नाव?"

त्याने फाईल मिटली. "काका, मी कशाच्या आधारावर लिहू? रविवारी दलालचंच टाकावं लागेल. तुम्हीच लिहाल ना?"

दार चालतं. माझा भाऊ चालत नाही. मला इतका राग आला की डबा लाथाडला, पाणी त्याच्या बुटांवर उडालं. त्याने रुमाल काढून बूट पुसले. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी कांजूरला गेलो. लिफ्टमधून बाहेर पडलो तर दादाच्या दारात चपलांचा ढीग. द्रौपदीवहिनीने मजल्यावर पेढे वाटले होते. शेजारचे म्हातारे येऊन बसलेले, नात मोबाईल घेऊन तयार. दादा पलंगावर ताठ बसलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नाकात नळी. आंबेडकर जयंतीला घालायचा तो शर्ट.

"दाखव," तो म्हणाला. "फोटो काढलायस ना?"

मी सगळ्यांना बाहेर काढलं. वहिनीलासुद्धा. दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. टॅक्सी, शहाण्णव साल, भंगारवाला, सगळं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून मशीनकडे बघून बोललो.

"दादा, ऐक," मी म्हणालो, "मी लिहितो ना नाव. कुर्ल्याहून दुसरं जुनं दार आणतो. पांढरा मारतो, वर नाव, वर पोपटी, वर मरून. मग शेठला सांगतो की मूळचं दार सापडलं, आणि त्याच्यासमोर घासून काढतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल ना," दादा म्हणाला.

बाहेर कुणीतरी हसलं. वहिनी कुणाला तरी म्हणत होती की रविवारी गाडी खाली येणार आहे, त्यांना न्यायला.

"साहेब असेपर्यंत दर सर्व्हिसिंगला मी त्या दारावर हात फिरवायचो," तो म्हणाला. "हँडलच्या खाली. साहेबांना वाटायचं, धूळ पुसतोय."

मी त्याचे पाय धरले. पाय गार होते आणि सुजलेले.

"फिटिंग मात्र झकास केलं होतंस, भीमा. मला कधी कळलं नाही."

त्याने मला उठवायचा प्रयत्न केला, पण जोर पुरला नाही. मग तो एका हाताने शर्टाची बटणं काढू लागला. दोन निघाली. तिसरं निघेना, तेव्हा मी काढून दिलं.