रक्तातला राग

वकिलाने टेबलावर कागद ठेवला, तशी म्हातारीने इस्त्री उभी केली.

"मावशी, रक्तातल्या जनुकांचा रिपोर्ट आलाय. राग तुमच्या मुलाच्या रक्तातच आहे, असं डॉक्टर कोर्टात सांगतील. तुम्ही फक्त म्हणा, बापही तसाच होता. तीन-चार वर्षं तरी कमी होतील."

याच लॉन्ड्रीत, याच टेबलापाशी, महिन्यापूर्वी मुलाने कारागिराच्या डोक्यात तापलेली इस्त्री घातली होती. कारण काय, तर एका शर्टाला डाग पडला. कारागीर दवाखान्यात होता, अजून बायकोलाही ओळखत नव्हता.

"बाप?" म्हातारी म्हणाली. "त्या माणसाला झुरळ मारायलाही मी लागायची. मेलेल्याच्या माथी नका मारू. राग माझा आहे."

वकील खुलला. "तेही चालेल. कधी कुणावर हात उचललात?"

"हात कसला, इस्त्रीच उगारली होती. नणंदेवर."

"मग?"

म्हातारी जरा घुटमळली. "मग काय. ठेवली खाली. राग गेला नव्हता, पण ठेवली."

वकिलाचं पेन थांबलं. "एवढं सांगू नका. समोरचा वकील म्हणेल, रक्त तेच, मग आईला जमलं ते मुलाला का नाही? उगारली, इथवरच सांगा."

कोपऱ्यात सून चादरींच्या घड्या घालत होती. नऊ वर्षांत तिने सासूला उलट शब्द दिला नव्हता.

"आई इथवरच सांगतात," ती म्हणाली. "आल्यागेल्याला, हसत हसत. इस्त्री उगारली आणि तेव्हापासून कुणी वाटेला गेलं नाही म्हणून. हेसुद्धा तेच ऐकत मोठे झाले. खाली ठेवलीत, हे मला आज कळतंय."

"खाली ठेवली यात सांगण्यासारखं काय होतं?" म्हातारी म्हणाली. "लोक भित्री म्हणाले असते."

सुनेच्या हातातली घडी तिरकी झाली, तिने ती मोडून पुन्हा घातली.

म्हातारी स्टुलावर टेकली. या लॉन्ड्रीत तिला बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

"हे लिहा," ती वकिलाला म्हणाली. "पोराला मी अर्धंच सांगितलं, असं लिहा."

"त्याचा उपयोग नाही मावशी. कायद्यात त्याला ना सूट, ना शिक्षा."

"म्हणजे मला काहीच शिक्षा नाही?"

वकील कागद गोळा करू लागला. म्हातारी सुनेकडे बघत राहिली. सुनेने पुढची चादर उचलली आणि सासूला धरायला न देता एकटीच तिची टोकं जुळवायला लागली.