दुसरी वायर

तेजलच्या मुलीचं बारसं झालं ते दोन हजार तेवीस साल. पाळण्याची दोरी हातात असतानाच तेजलची आत्या नवसाबाई हिच्या छातीत कळ आली आणि हरसूलहून नवं लुगडं नेसून आलेली बाई नाशिकच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, सहा नंबरच्या खाटेवर जाऊन पडली.

तेजलची धाकटी बहीण तृप्ती त्याच दवाखान्यात नेटवर्कचं काम बघायची. आई गेल्यावर या दोघींना नवसाबाईनंच वाढवलं होतं.

खंडेनवमी आली. विभाग तिसऱ्या मजल्यावर, सर्व्हर तळमजल्यावर, आणि मधे एकच वायर. आठ खाटांचे आकडे तिच्यावरून खाली जायचे आणि परत वर नर्सच्या स्क्रीनवर यायचे. स्कॅनची मोठमोठी चित्रंही तिच्यावरूनच. वायर पुरी पडेना, स्क्रीन रेंगाळायला लागली. म्हणून तृप्ती दुसरी वायर टाकून दोन्हींची मोळी बांधणार होती, म्हणजे दोन मिळून एकच रुंद वाट. विभाग बंद ठेवणं शक्य नव्हतं, सगळं चालू असतानाच करायचं होतं. नियम एवढाच, की दोन्ही टोकांच्या स्विचना, म्हणजे वायरी जिथं जोडतात त्या यंत्रांना, आधी सांगायचं, या दोघी आता एक आहेत, आणि मगच दुसरी जोडायची. उलटं झालं तर एकीवरून गेलेला निरोप दुसरीवरून परत येतो, पुन्हा जातो, आणि गरागरा फिरत इतका वाढतो की सगळंच गुदमरतं.

तिनं वरचं टोक लावून ठेवलं. खरं तर तेही लावायचं नव्हतं. खालचं टोक तळमजल्यावरच्या रॅकमध्ये, स्विचच्या कपाटात, लोंबत होतं. रॅकच्या किल्ल्या तिनं पूजेसाठी सहादूमामा शिपायाकडे दिल्या आणि लॅपटॉप घेऊन नर्सच्या टेबलाशी बसायला निघाली.

दोन नंबरच्या खोलीतून मनोजकाकांनी हटकलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले फिटर, दोन दिवसांत घरी जायचे होते. "काय गं पोरी, आज हत्यारं पूजायची सोडून चालवतेस? आमच्याकडे आज पान्यालासुद्धा सुट्टी असते."

"मग वीज कोण करतं काका, देव?"

"आता कसं बोललीस!" ते हसले. त्यांची बायको आशा दाराशी बसली होती, तीही हसली.

दुसरी नर्स खाली आरतीला गेली होती. टेबलाशी लता सिस्टर एकटीच होती. तृप्ती स्विचसाठीच्या सूचना लिहीत असतानाच लॅपटॉप अडकला. तिनं सिस्टरच्या स्क्रीनकडे पाहिलं. सहा नंबर, ठोके ब्याऐंशी. आकडा बदलत नव्हता, शेजारची हिरवी रेघ हलत नव्हती.

"सिस्टर, हे कधीपासून असं?"

"कसं? चांगले ब्याऐंशी आहेत की."

"ते आत्ताचे नाहीत. स्क्रीन थिजलीय. आठही!"

लता सिस्टर ताडकन उठली. रुग्णांना झोप लागावी म्हणून खाटेजवळच्या यंत्रांचे आवाज अगदी बारीक ठेवले होते. काचेची दारं बंद होती. "आधी कुणाकडे जाऊ?"

"सहा!" तृप्तीच्या तोंडून निघून गेलं. "सहाकडे जा!" आणि ती जिन्यानं खाली धावली.

रॅकवर झेंडूची माळ, हळदीकुंकू, समोर उदबत्ती. स्विचचे दिवे एकसारखे लवलवत होते. सहादूमामा हात जोडून उभे.

"मामा, इथं लोंबती वायर होती ती कुठंय?"

"लावली ना मी! पूजा मांडायची अन् यंत्र असं उघडंवाघडं? एक भोक रिकामं होतं, दिली खोचून." तिनं हात पुढं करताच ते आडवे आले. "ताई, नाय हां. आज हत्याराला हात लावायचा नाय. उद्या काय ते करा."

"वर माणसं आहेत मामा!" तिनं त्यांना ढकललं, माळ तोडली, फुलांखाली चाचपत वायर शोधली आणि उपसली. लवलवणारे दिवे शांत झाले.

ती वर आली तेव्हा नवसाबाई खाटेवर उठून बसली होती. "अगं, झालं तरी काय? ती सिस्टर आली, मनगट धरलं, अन् सोडून पळाली."

लता सिस्टर दोन नंबरमध्ये मनोजकाकांची छाती दाबत होती. स्क्रीन आता चालू होती. दोन नंबरची रेघ सरळ होती. डॉक्टर धावत आले, आशाला बाहेर थांबवलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, मान हलवली आणि निघून गेले. लता सिस्टर तृप्तीजवळून जाताना हळूच म्हणाली, "तू काही बोलली नव्हतीस. कळलं?"

आशा भिंतीला टेकून उभी होती. तिनं तृप्तीलाच विचारलं, "पोरी, तुझं मशीन बिघडलं होतं का गं?"

"हो काकू. चूक माझी, मी टोक लावून ठेवलं होतं. आणि सिस्टरनं आधी कुणाकडे जाऊ विचारलं, तेव्हा मी माझ्या आत्याकडे पाठवलं."

आशा खाली बसली आणि पिशवीतली काकांची धुतलेली बंडी मांडीवर घेऊन घड्या घालू लागली.

मनोजकाका तेवीस ऑक्टोबर दोन हजार तेवीसला, खंडेनवमीच्या दुपारी, वारले.