बांधलेल्या दाराचा ओव्हन

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे, आणि माझी निम्म्याहून अधिक वर्षं मी कपाट म्हणून काढली आहेत. तुम्हाला हसू येईल. मलाही आता येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, ठोकून माझं अंग घडवलं. पोटात वर आणि खाली तापणाऱ्या कॉइल बसवल्या, तारांची एक सुबक जाळी दिली, दाराला जाड काच लावली. पदार्थ झाला की वाजणारी एक घंटीही होती. शेवटी एका कामगाराने माझं दार उघडून मिटून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

मला घेतलं एका नवराबायकोने. वळणावर त्यांचं छोटं हॉटेल होतं. पुढे टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून ताटल्या बाहेर जात. गिऱ्हाईकं त्यांना मामा-मामी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! रोज सकाळी माझ्यात पाव भाजले जात आणि मामी माझी काच घासून लख्ख करत.

मग एके दिवशी मामांनी कांद्याच्या जाड चकत्या कापल्या, त्यांच्या रिंगा सोडवल्या, त्यांना पिठाचा आणि ब्रेडच्या चुऱ्याचा अंगरखा चढवला आणि कढईत सोडल्या. त्या रिंगांनी हॉटेलचं नशीब उघडलं. लोक जेवण राहू द्या म्हणत, आधी रिंगा आणा. कढईचा रुबाब वाढला. ती सदा चुलीवर, सदा चमकणारी, सदा बडबडणारी. खोटं कशाला सांगू, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पाव बाहेरून येऊ लागले आणि मी अडगळीत पडलो. माझ्या पोटात जुनी पातेली, कागदी पिशव्या आणि फाटके एप्रन राहायला आले. जाळीवर ओली फडकी वाळू लागली. कढईच्या तेलाचा धूर माझ्या काचेवर आतून-बाहेरून चिकटत गेला आणि ती घासूनही साफ होणार नाही इतकी काळी ठिक्कर पडली. घंटी तर कधी बिघडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मामांची एक पद्धत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कढईतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली पहिली रिंग मामांच्या तोंडात जायची. एकच, कधी दुसरी नाही. ती चावून झाली की ते खिडकीच्या फळीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकत. टक, टक. म्हणजे ताटली बाहेर जाऊ द्या. तोंडाने "छान झालंय" असं ते कधी म्हणाले नाहीत. आणि चाखल्याशिवाय त्या खिडकीतून कधी काही बाहेर गेलं नाही.

आता तुम्हीच विचार करा. दिवसभरात घाणे किती, आणि अशी वर्षं किती. ते सगळं तेल मामांच्या छातीत साठत होतं. एका गजबजलेल्या संध्याकाळी मामांनी झारा खाली ठेवला, छातीवर हात दाबला आणि ते माझ्याच अंगाला टेकून खाली बसले. त्यांच्या पाठीचा घाम माझ्या पत्र्याला लागला. मी ओव्हन असून गार पडलो.

मामा वाचले. हॉटेल मात्र बंद राहिलं. दवाखान्यातून परत आले तेव्हा सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की तळलेलं जिभेवरही ठेवायचं नाही, पुढच्या वेळेची खात्री देता येणार नाही. त्यांची मुलगी चिमी आता चांगली उंच झाली होती, पण घरात अजून चिमीच होती. ती म्हणाली, "बाबा, रिंगा मी तळते. तुम्ही नुसते बसा."

"आणि चाखणार कोण?"

"मी चाखेन. नाहीतर आई चाखेल."

"दुसऱ्याच्या जिभेवर माझं हॉटेल चालत नाही," मामा म्हणाले. "मी चाखणार. नाहीतर खिडकी बंद."

मामी चिडून म्हणाल्या, "जित्याची खोड..." आणि तिथेच थांबल्या. पुढचे शब्द त्यांनी गिळले. ती म्हण पुढे कुठे जाते हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मामी पदराने कोरडाच ओटा पुसू लागल्या.

तेव्हा चिमीची नजर माझ्याकडे वळली. तिने माझं दार ओढलं. पातेली धडाधड बाहेर आली, पिशव्या आल्या, एप्रन आले. शेवटी ती गुडघ्यांवर बसून माझ्या पोटात डोकावली आणि म्हणाली, "आई, हा चालतो का गं अजून?" त्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. तिने बटण फिरवलं. माझ्या कॉइल कुरकुरल्या, धुळीचा वास सुटला आणि हळूहळू त्या लाल झाल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

पण नुसतं तापून काय होतं? ही माणसं कढईची. पहिल्या खेपेला चिमीने ट्रेमध्ये रिंगा एकावर एक ओतल्या, कढईत ओतावं तशा. वरच्या करपल्या, खालच्या उकडल्या. मामांनी त्यातली एक उचलली, ती मधोमध वाकली आणि आतला कांदा सुटून त्यांच्या मांडीवर पडला. ते म्हणाले, "दुधाची तहान ताकावर म्हणतात. हे तर ताकही नाही, ताकाचं भांडं धुतलेलं पाणी आहे."

चिमी जिद्दीची. तिने ब्रेडचा चुरा चमचाभर तेलात आधीच परतून खमंग करून घेतला. फडक्यांखालची माझी जाळी शोधली, घासली, आणि रिंगा तिच्यावर सुट्या सुट्या मांडल्या, म्हणजे खालूनही वारा लागेल. मला वाटलं, आता जमणार. आणि तेवढ्यात तिने दार उघडलं. बघायला. मिटलं. मग मामींनी उघडलं. मग पुन्हा चिमीने. कढईपाशी वाढलेल्या माणसांना पदार्थ डोळ्यांसमोर लागतो, रंग दिसावा लागतो. माझी काच काळी, घंटी मुकी, मग त्यांनी करावं तरी काय? पण दार उघडलं की माझी सगळी ऊब भस्सकन बाहेर जाई आणि रिंगा घामेजून मऊ पडत. मी ओरडून सांगत होतो, दार मिटा. ओव्हनचं ओरडणं कोण ऐकतं?

ती खेपही वाया गेली. मामा उठले, माळ्यावरून कढई काढली आणि चुलीवर ठेवली. शेजारी तेलाचा डबा ठेवला.

"उद्या हॉटेल उघडायचं," ते म्हणाले. "आज दुपारी शेवटचं कर. जमलं तर ठीक. नाही जमलं तर ही पेटवायची, आणि मग मला कुणी काही बोलायचं नाही."

मामी कढईकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मला ती संध्याकाळ पुन्हा दिसली, माझ्या अंगाला टेकून बसलेला माणूस दिसला.

दुपार झाली. चिमीने मला आधीपासून पुरेपूर तापवलं. तिने एकही रिंग दुसरीला चिकटू दिली नाही. जाळी आत सरकवली, दार लावलं. आणि मग मामींनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी कमरेचा एप्रन सोडला, त्याची लांब नाडी माझ्या दाराच्या मुठीतून ओढली, बाजूच्या नळाच्या पाइपाला गुंडाळली आणि गाठ मारली. तिच्यावर अजून एक मारली. अजून एक.

"आई, हे काय?"

"तुझा हात आवरत नाही, माझाही आवरत नाही. आता कुणी उघडून दाखवा."

"मग कळणार कसं झालंय ते?"

एवढा विचार मामींनी केलाच नव्हता. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते. त्यांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी मिशीत लपवलं.

माझ्या पोटात मात्र धुमश्चक्री चालली होती. खालची कॉइल अशक्त, दाराचं रबर एका बाजूने सैल. मी सगळा जीव एकवटून तापत होतो. कांद्यातलं पाणी चुऱ्यातून बाहेर येऊ लागलं, चुर्रचुर्र आवाज करत उडू लागलं. चिमी काचेवर बोट घासत होती, जणू काजळी आतून पुसली जाणार होती. "जळतंय का गं? वास बघ ना," ती म्हणत होती. "नाही बाई, कच्चंच असेल," मामी म्हणत होत्या. आणि दोघींचे हात नाडीकडे जाऊन मागे येत होते.

तेव्हा मामांनी मान किंचित कलती केली. मग स्टूल जवळ ओढलं. मग पुढे वाकून कान माझ्या दाराशी आणला.

"अहो, कान भाजेल."

"गप बस जरा," मामा हळूच म्हणाले. "बोलतोय तो."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याविषयी असं कुणी म्हणालं नव्हतं.

कढईपाशी उभं राहून त्या माणसाचा कान तयार झाला होता. ओला कांदा तेलात मोठ्याने बोलतो, आणि पाणी सरत आलं की त्याचा आवाज बारीक होत जातो, हे त्यांना पाठ होतं. माझ्या पोटातही तेच चाललं होतं, फक्त फार हळू. मामांनी डोळे मिटले. चिमीने श्वास रोखून धरला. नळाचं ठिबकणंसुद्धा मामींनी खाली फडकं धरून बंद केलं.

"ओला आहे अजून," मामा म्हणाले.

आवाज बारीक झाला.

"थांब."

आणखी बारीक झाला. मग नुसती एक टिकटिक उरली, मग तीही विरली.

"काढ. आता."

चिमीने नाडी ओढली. गाठ सुटेना. मामींनी भीतीपोटी असल्या गाठी मारल्या होत्या की त्यांच्या त्यांनाच सोडवता येईनात. नखं तुटली, दात लावून झाले. माझ्या आत आता आवाज नव्हता, म्हणजे इथून पुढे फक्त जळणं होतं. चिमीने बटण बंद केलं, तरी माझ्या पोटातली धग लगेच ओसरणारी नव्हती. मागच्या रिंगांच्या कडा काळपट होऊ लागल्या. "कात्री," मामा ओरडले आणि स्वतःच उठले. मामींनी एका हाताने त्यांना दाबून बसवलं, दुसऱ्या हाताने कात्री चिमीकडे फेकली. नाडी तटकन तुटली आणि माझं दार उघडलं.

रिंगा सोनेरी होत्या. एकदोन जरा जास्तच भाजल्या होत्या, पण ताठ होत्या. मामांनी पद्धतीप्रमाणे पहिली उचलली. चावली. कर्र असा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग ते चावत राहिले. किती वेळ चावत होते! चिमीचे डोळे त्यांच्या जबड्यावर होते, मामींचे कढईवर.

"ही तळलेली नाही," मामा म्हणाले.

चिमीने मान खाली घातली.

"ताकच आहे," ते म्हणाले. आणि त्यांनी हात पुढे करून दुसरी रिंग उचलली. "पण ताक चांगलं लागलंय."

दुसरी रिंग. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एका घाण्यातली दुसरी. ती त्यांनी सावकाश संपवली, मग खिडकीपाशी गेले आणि फळीवर ठोकलं. टक, टक. बाहेर एकही गिऱ्हाईक नव्हतं, तरी चिमीने ताटली खिडकीत नेऊन ठेवली. मामी माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, तुटलेली नाडी हातात घेऊन, आणि हमसून हमसून रडल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. जुनी गिऱ्हाईकं आधी नाकं मुरडून गेली. मग काही परत आली, काही नाही आली. कढई आता माळ्यावर आहे. ती तिथे एकटी आहे हे मला समजतं, कारण मी तसाच होतो, म्हणून तिच्यावरचा माझा राग गेला. चिमीने माझं रबर बदललं, कॉइल बदलली. काचही बदलायला माणूस आला होता. मामा म्हणाले, "काच राहू दे." मामींनी कपाळाला हात लावला, पण त्याला परत पाठवलं. अजूनही प्रत्येक घाण्याला मामा स्टूल ओढून माझ्याशी कान लावून बसतात. त्यांच्या छातीचा ठोका मला माझ्या पत्र्यातून ऐकू येतो. मी तो रोज मोजून घेतो आणि मगच निश्चिंतपणे तापतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला अडगळीची जागा समजू नका, तिची काच वेळेवर पुसा. आणि घरात एखादं हट्टी माणूस असेल, ज्याच्या मनातलं बाहेरून काही दिसत नाही, तर सारखं दार ठोठावून त्याला हैराण करू नका. जवळ स्टूल ओढा आणि थोडा वेळ कान देऊन बसा. बरं, थांबतो आता. मामांनी स्टूल ओढलंय, आणि आत कांदा बोलायला लागला आहे.