मूळ पट्टीत

विद्यापीठाच्या संगीत विभागात ती सतरा वर्षं पियानोवर साथ करत होती. गायनाच्या परीक्षा, तालमी, मैफली, सगळीकडे तीच. मुलं तिला 'साथीच्या बाई' म्हणत. विभागप्रमुख तेवढंही म्हणत नसत, नुसतं बोट दाखवून "हं, सुरू करा."

साथसंगतीचा नवा अभ्यासक्रम तिनं दोन वर्षं खपून लिहून काढला होता. प्रमुखांनी तो स्वतःच्या नावावर मंजूर करून घेतला आणि शिकवायला आपल्या भाच्याला नेमलं. ती जाब विचारायला गेली, तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "अहो, मागे बसणाऱ्यानं मागेच बसावं. शोभतं ते."

ती घरी आली. धाकट्या बहिणीला म्हणाली, "बघच आता, कसा इंगा दाखवते."

"काय करणार आहेस?"

"काहीच नाही करणार. तेच तर."

प्रमुख स्वतः मैफलीत गात, पण त्यांचा गळा सहा वर्षांपूर्वीच गेला होता. वरचे सूर लागत नसत. त्यांना साथ करताना ती गुपचूप अख्खं गाणं एक स्वर खाली वाजवायची. ते शब्द विसरले की चार मात्रा घोळवत ठेवायची, दम लागला की थांबायची. प्रमुखांना वाटे, आपला आवाज अजून खणखणीत आहे.

अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाला सभागृह भरलं. कुलगुरू पहिल्या रांगेत. प्रमुख गायला उभे राहिले, त्यांनी बोट दाखवलं आणि तिनं गाणं मूळ पट्टीत सुरू केलं.

पहिल्याच कडव्यात त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. ती कागदाकडेच बघत राहिली. वरचा सूर आला आणि आवाज चिरकला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या कडव्यात शब्द गेले. पियानो थांबला नाही. ते धापा टाकत मागून आले, पुन्हा हुकले, आणि हात लोंबते सोडून नुसते उभे राहिले. उरलेलं गाणं तिनं एकटीनं वाजवलं, निवांत, शेवटपर्यंत.

पडद्यामागे ते म्हणाले, "तुम्ही पट्टी बदललीत!"

"आज नाही बदलली, सर. सहा वर्षं बदलत होते."

अर्थ डोक्यात शिरायला त्यांना वेळ लागला. मग ते तिथंच पायरीवर बसले.

त्यानंतर ते कधी मंचावर गायले नाहीत. अभ्यासक्रम मात्र भाच्याकडेच राहिला.

"त्यांचं वाईट नाही वाटत तुला?" त्या रात्री बहिणीनं विचारलं होतं.

"वाटेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण कडकडून भूक लागलीय. वाढ."